स्कॉटलंडमधील किलमार्टिन खोऱ्यासाठी तीन दिवस द्यावेत का?

पायवाट:
नमस्कार. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी आई-बाबांना घेऊन ग्लासगोला बहिणीकडे जात आहे. बाबांनी तरुणपणी सह्याद्रीतले पुष्कळ किल्ले पायी पाहिले आहेत. आज ते ७१ वर्षांचे आहेत, चढ त्यांना जमतो, परंतु उतरताना उजवा गुडघा त्रास देतो. ओळखीतले सगळे जण स्काय बेटाचा आग्रह धरत आहेत. मला मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या आरगाइल भागातले किलमार्टिन खोरे दाखवावेसे वाटते, कारण एवढ्या लहानशा ग्रामीण टापूत प्राचीन दगडी अवशेष, किल्ले, कालवा आणि अरण्य एकत्र असल्याचे वाचले आहे. तीन दिवस अधिक होतील का, बाबांना डुनाडचा किल्ला चढता येईल का आणि स्वतःच्या गाडीशिवाय हे सर्व पाहणे शक्य आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तरकिनारा:
मी अनेक वर्षे ग्लासगोत राहतो आणि या खोऱ्यात वरचेवर जातो. तीन दिवस अवश्य द्या. स्कायला जाऊन परत येण्यात तुमचे दोन दिवस गाडीतच जातील. किलमार्टिन मात्र ग्लासगोपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, लोमंड सरोवराच्या काठाने आणि इन्व्हरेरी गावातून अडीच तासांच्या वाटेवर आहे. वाटेतल्या ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ खिंडीत मोठ्या पावसानंतर दरड कोसळते, म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती पाहून घ्यावी.

सुरुवात गावातल्या संग्रहालयापासून करा. नूतनीकरणानंतर ते २०२३ साली पुन्हा उघडले असून, बाहेर जे पाहायचे आहे त्याचा अर्थ तिथे नीट उलगडतो. तिथून खोऱ्याच्या सपाट तळातून दक्षिणेकडे चालत गेलात की एका ओळीत रचलेल्या शिलाराशी लागतात. हे सगळे दफनांचे ढिगारे आहेत. त्यांतील दक्षिणेकडची नेदर लार्गी ही सर्वांत जुनी असून ती पाच हजार वर्षांहून अधिक वयाची आहे, आणि तिच्या दगडी कोठडीत वाकून आत जाता येते. जवळच टेम्पल वूडचे शिलावर्तुळ आहे. त्यातल्या एका दगडाच्या दोन बाजूंवर पसरलेले सर्पिल कोरीवकाम आहे. ते चटकन दिसत नाही, त्यासाठी खाली बसून दगडाच्या कडेवरून नजर फिरवावी लागते. हा सगळा भाग सपाट आहे आणि तिथे प्रवेशशुल्कही नाही.

आता डुनाड. हा कातळ जेमतेम ५४ मीटर उंच आहे, त्यामुळे उंचीची काळजी नको. पण वाट खडकाळ आहे आणि ओल्या दिवशी कातळ निसरडा होतो. बाबांसाठी चालण्याच्या दोन काठ्या घ्या आणि कोरड्या संध्याकाळी जा. त्या दिवसांत सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. खडकातल्या नैसर्गिक खिंडीतून आत शिरताच आपल्याकडच्या गडांचे दरवाजे कसे मुद्दाम आडवळणाला बांधलेले असतात, ते बाबांना आठवेल. हे दाल रिआता या गेलिक राज्याचे प्रमुख ठाणे होते, आणि ७३६ साली शेजारच्या पिक्ट लोकांचा राजा ओएंगसने ते जिंकल्याची नोंद जुन्या बखरींत आहे. माथ्याजवळच्या शिळेवर एक पाऊल कोरलेले आहे. नव्या राजाने त्यात पाय ठेवून राज्य स्वीकारायचे, असे मानले जाते. आज दिसते ती मूळ पावलाच्या रक्षणासाठी वर बसवलेली प्रतिकृती आहे. त्याहून मला येथील उत्खननात सापडलेला हरताळाचा तुकडा अधिक विलक्षण वाटतो. आपल्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर जो पिवळा हरताळ फासत, तेच हे खनिज. ते या भागातले नव्हे. दूर भूमध्य समुद्राकडून व्यापाराने या चिखलाळ खोऱ्यापर्यंत आले, आणि हस्तलिखिते रंगवण्यासाठी त्याचा उपयोग होई.

रानवारा:
वरच्या प्रतिसादात निसर्गाला जागा मिळाली नाही, म्हणून लिहितो. डुनाडच्या पायथ्याशी पसरलेली मोइन म्होर ही दलदल राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. मृत शेवाळाचे थर हजारो वर्षे साचून ती तयार झाली आहे, आणि किल्ल्यावरून पाहिले तर तिच्यातून ॲड नदी नागमोडी वाहताना दिसते. जवळच्या नॅपडेल अरण्यात २००९ साली नॉर्वेतून बीव्हर आणून सोडले. स्कॉटलंडमध्ये हा प्राणी शिकारीमुळे चारशे वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. या प्रयोगानंतर २०१६ मध्ये सरकारने त्यांना कायम राहू देण्याचा निर्णय घेतला. पहाटे किंवा सांजवेळी, गप्प राहून, तळ्याच्या काठी बसायची तयारी हवी. बीव्हर दिसले नाहीत तरी पेन्सिलीला टोक काढावे तशी कुरतडलेली झाडे नक्की दिसतील.

एक कळकळीची विनंती: मे महिन्यात मेंढ्यांची कोकरे लहान असतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानुसार बहुतेक खासगी माळरानावरूनही चालण्याचा हक्क आहे, परंतु तो जबाबदारीने वागणाऱ्यालाच आहे. फाटक जसे होते तसेच ठेवून पुढे जावे. गवतातून आल्यावर पायांवर गोचीड चिकटले नाहीत ना, हे पाहावे. त्यांच्यापासून लाइम हा आजार होतो. वारा पडला की संध्याकाळी मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या त्रास देतात, तेव्हा अंगभर कपडे घालावेत.

जुनापाणीकर:
मी नागपूरचा असल्याने एक संदर्भ जोडतो. आमच्या जुनापाणीलाही शिलावर्तुळे आहेत आणि त्यांच्या काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांच्याविषयी लिहिताना युरोपातील अशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली होती. यावरून दोन्ही लोकांचा संबंध होता असे मुळीच समजू नये. विदर्भातली वर्तुळे लोहयुगातली आहेत, किलमार्टिनची त्यांच्यापेक्षा पुष्कळ जुनी. तरीही दोन्ही ठिकाणच्या खळग्यांवरून बोट फिरवल्यासारखे मनात होते. (प्रत्यक्षात मात्र कोरीवकामावर हात वा पाय ठेवू नये, दगड झिजतो.) यासाठी अक्नाब्रेक चुकवू नका. तिथल्या कातळावर खळगे आणि त्यांच्याभोवती एकात एक वर्तुळे आहेत, आणि ब्रिटनमधील अशा सर्वांत मोठ्या कोरीव कातळांत त्याची गणना होते. दुपारच्या उन्हात तो नुसता राखाडी खडक वाटतो. तिरपे ऊन पडले की वर्तुळे उमटू लागतात.

पायवाट:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. हरताळाची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांच्या आजोबांकडे पोथ्या होत्या, त्यामुळे ते बराच वेळ त्याविषयीच बोलत होते. गाडीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. शिवाय आईला फार चालणे नको आहे, तिच्यासाठी काय करावे?

उत्तरकिनारा:
ते राहूनच गेले, क्षमस्व. रेल्वे ओबानपर्यंतच आहे आणि खोऱ्यातल्या बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत. ज्येष्ठांना थांब्यावर ताटकळत ठेवण्यापेक्षा गाडी भाड्याने घ्या. आपला भारतीय परवाना तिथे बारा महिन्यांपर्यंत चालतो आणि वाहने डावीकडूनच जातात. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर ठरावीक अंतराने रुंद जागा असतात. ती जागा आपल्या डावीकडे असेल तर आत जाऊन थांबावे, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यातच थांबून समोरच्याला वळून जाऊ द्यावे. मागून येणाऱ्यालाही पुढे जाऊ द्यावे.

आईंसाठी क्रिनन कालवा उत्तम. १८०१ साली खुला झालेला हा चौदा किलोमीटरचा कालवा पंधरा दरवाजांतून होड्यांना चढवतो-उतरवतो. काठची वाट सपाट आहे. कालव्यावरच्या केर्नबान गावी बाकावर बसून दरवाजा बंद होतो, पाणी चढते आणि शिडाची नौका हळूहळू डोळ्यांच्या पातळीवर येते, हे त्यांना निवांत पाहता येईल. अक्नाब्रेकची वाट तिथून जवळच सुरू होते, तेव्हा तेवढ्या वेळात तुम्ही आणि बाबा कातळ पाहून या.