गॅस्ट्रिक बँड बसवलेल्या नणंदबाई येताहेत. खान्देशी ताटातलं काय चालेल?

अमळनेरची_वहिनी
मंडळी, सल्ला हवाय. माझ्या मोठ्या नणंदबाई इंग्लंडात असतात. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी तिथेच वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बँडचं ऑपरेशन करून घेतलं. मे महिन्यात दिराचं लग्न आहे, त्यासाठी वीस दिवस आमच्याकडे येताहेत.

मागच्या खेपेला आल्या तेव्हा पहिल्याच जेवणात तिसऱ्या घासाला उठून मोरीत गेल्या. सासूबाईंनी खापर मिरचीवर फोडलं. फोनवर ताई बोलतात त्यातलं निम्मं कळत नाही. "काल अडकलं", "स्लायमिंग झालं", "थोडं फिल काढून घेतलं", "आता ग्रीन झोनमध्ये आहे". ग्रीन म्हणजे मटण सोडलं असा सासूबाईंचा समज झालाय. वर त्यांचं एकच पालुपद, "पोर इतली दूरथून ई ऱ्हायनी, उपाशी ठेवू का तिले?"

ज्यांनी स्वतः अनुभवलंय त्यांनी जरा उलगडून सांगा. भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी, मांडे यातलं काय वाढू?

तापीकाठचा
ओवा-पाणी द्या जेवणाआधी आणि नंतर. सगळं खाली उतरतं.

जळगावचा_बँडवाला
ओवा-पाणी अजिबात नको, कारण पुढे सांगतो. माझा बँड 2010 चा, मुंबईत बसवलेला. गावात "बँड बसवला" म्हटलं की लोक विचारायचे, लग्न कोणाचं?

वहिनी, आधी आत काय आहे ते समजून घ्या, मग शब्द आपोआप कळतील. बँड म्हणजे सिलिकॉनचं कडं. जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती बसवतात. कड्याच्या वर दोन-चार चमचे मावतील एवढी पिशवी राहते, बाकी जठर खाली जसंच्या तसं, काही कापलेलं नसतं. कड्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो, त्याची नळी पोटाच्या कातडीखालच्या एका बटणासारख्या पोर्टपर्यंत येते. पोर्टमध्ये सुईने सलाईन घातलं की कडं आवळतं, ते फिल. काढून घेतलं की सैल होतं. ऑपरेशननंतर साधारण दीड महिन्याने पहिलं फिल होतं, आणि नीट बसेपर्यंत दोन-तीनदा जावं लागतं. त्या मधल्या काळात भूक पहिल्यासारखीच लागते, पोटात कडं असून नसल्यासारखं. बँडवाले त्याला बँडस्टर हेल म्हणतात. मी त्या दिवसांत रोज रात्री शेव-मुरमुरे खात बसायचो, खोटं कशाला बोलू.

ग्रीन झोन म्हणजे बरोब्बर बेताचं आवळलेलं. थोडक्यात पोट भरतं, दोन जेवणांमध्ये भूक छळत नाही, आणि काही अडकत नाही. सैल असलं तर भूक लागत राहते. जास्त आवळलं तर घास उतरत नाही, रात्री आडवं झालं की आंबट वर येतं, खोकला लागतो.

आता अडकणं. मोठा किंवा न चावलेला घास कड्यावर बसतो. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होतं, जणू सुकी भाकर गिळली. मग तोंडाला फेसाळ लाळ सुटते, थुंकून थुंकून माणूस दमतो. तेच स्लायमिंग. शेवटी घास वर येतो, पण ती नेहमीची उलटी नसते. मळमळ नाही, कडू-आंबट चव नाही, कारण तो खालच्या जठरापर्यंत पोचलेलाच नसतो. ताई मोरीत गेल्या त्या यासाठी. मिरची बिचारी निर्दोष होती बहुतेक.

आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक: कुणाला उचकी लागली, ठसका लागला की दहा हात तांब्या घेऊन धावतात. इथे पाणी म्हणजे बूच बसलेल्या मोरीत ओतलेली बादली. सगळं उलटं वर येणार. त्या वेळी ताट बाजूला सारायचं, उभं राहायचं, हळू फेऱ्या मारायच्या आणि कुणी काही विचारायचं नाही.

खरं तर अडकायच्या आधीच शरीर सांगतं. कुणाला एक उचकी येते, कुणाचं नाक वाहायला लागतं, कुणाला शिंक, कुणाचा लांब सुस्कारा. माझं नाक वाहतं. ती खूण दिसली की हातातला घास ताटात ठेवायचा. "एवढाच राहिला, संपवून टाका" हे वाक्य तेव्हा घरात कुणी उच्चारू नये.

धुळ्याची_स्लीव्हवाली
माझी स्लीव्ह सर्जरी झालीय, म्हणजे जठराचा मोठा भाग कापूनच काढलाय. हल्ली बहुतेक ठिकाणी हीच किंवा बायपास (हृदयाची नव्हे, जठराची) करतात, बँड फार कमी झालेत. त्यामुळे इथले डॉक्टर किंवा शेजारी स्लीव्हचे नियम ताईंना लावतील, तेवढं सांभाळा. माझ्या एका बायपासवाल्या मैत्रिणीला गोड खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते, त्याला डम्पिंग म्हणतात. बँडमध्ये सहसा तसं होत नाही. म्हणून तर आमरस हा बँडवाल्यांचा शत्रू. त्रास काहीच देत नाही आणि वाटीवर वाटी सरसर उतरते.

जळगावचा_बँडवाला
अगदी खरं. याला स्लायडर म्हणतात, घसरून जाणारं खाणं. आमरस, आइस्क्रीम, दुधात कुस्करलेले मांडे. केळीचे वेफर्ससुद्धा, कारण तोंडातच त्यांचा लगदा होतो. माझं वजन दीड वर्ष एका जागी अडून बसलं होतं ते या वेफर्सच्या पुड्यांमुळे. डॉक्टर फिल वाढवत होते आणि मी वेफर्स.

अमळनेरची_वहिनी
अरे देवा. म्हणजे मी मऊ मऊ खायला घालायच्या विचारात होते ते चूक? वरण-बट्टी तुपात कुस्करून द्यायचं ठरवलं होतं.

जळगावचा_बँडवाला
एखाद्या दिवशी ठीक. पण पातळ-मऊ पटकन निघून जातं आणि दोन तासांत परत भूक. बँड काम करतो तो घट्ट घासावर, फक्त तो घास अंगठ्याच्या नखाएवढा हवा आणि चावून चावून पार मऊ झालेला. गिळलेला घास कड्याखाली जायला मिनिटभरही लागतो, तोवर दुसरा उचलायचा नाही. वीस मिनिटांत जेवण आटोपायचं, उरलं तर उरलं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा-पाऊण तास नाही.

तुमच्या ताटाबद्दल माझं मत (माझ्या पोटाचं मत, ताईंचं वेगळं असू शकतं). भरीत उत्तम, वांगं भाजून सोललेलं आणि बडगीत ठेचलेलं असतं. पण त्यातले अख्खे शेंगदाणे वेगळे काढा, कांद्याची पात अगदी बारीक चिरा आणि तेलाचा हात आखडा. सोबत कळण्याची भाकरी कडक पापुद्र्याची, छोटे तुकडे. गरम मऊ पोळी, पुरी आणि पाव मात्र पोटात गोळा होऊन बसतात, माझे सगळ्यात वाईट प्रसंग पोळीचे आहेत. भातही चिकट असला तर तसाच. शेवभाजीत शेव भिजते म्हणून उतरते, पण तो तर्रीदार रस्सा रात्री घशाशी येतो. मटणाचे तंतू अडकतात, खिमा चालतो. शेवग्याच्या शेंगा नकोतच.

आणि फुणके! तुरीच्या डाळीचे वाफवलेले, कढीत कुस्करलेले. प्रथिनं भरपूर, घास बरोबर भुसभुशीत. मला तर वाटतं हा पदार्थ बँडवाल्यांसाठीच शोधला असावा.

आहारतज्ज्ञ_नंदुरबार
वरचा सल्ला अनुभवाचा आणि चांगला आहे, दोन-तीन गोष्टी जोडते. बँड सकाळी जास्त आवळलेला वाटतो, त्यामुळे नाश्त्याला पोहे-पोळीचा आग्रह नको, दही किंवा पातळ उडदाची डाळ द्या. लांबच्या विमानप्रवासानंतर, पाळीच्या दिवसांत, ताणातही काहींना तसं जाणवतं. आपल्याकडचा मे महिना बघता मला काळजी पाण्याची आहे. बँडवाल्यांना घटाघटा पिता येत नाही. जेवणाच्या वेळा सोडून दिवसभर घोट घोट पाणी, पातळ ताक चालू ठेवा. सोडा-कोल्ड्रिंक टाळा.

डोकं दुखलं म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका, आधी विचारा. आणि हे लक्षात ठेवा: एखादा घास अडकून निघाला तर दिवसभर पातळ खाऊन आराम पडतो. पण पाण्याचा घोटही टिकत नसेल, उलट्या थांबत नसतील किंवा पोटात जोरात दुखत असेल, तर बँड सरकलेला असू शकतो. घरगुती उपाय करत बसू नका, बॅरियाट्रिक सर्जन (वजन कमी करायची ऑपरेशनं करणारे) असलेल्या दवाखान्यात न्या, सुईने बँड लगेच सैल करता येतो. ताईंना निघताना बँडचा प्रकार आणि सध्या किती मिली फिल आहे ते कागदावर लिहून आणायला सांगा. इथल्या डॉक्टरला पहिलं तेच लागेल.

तापीकाठचा
ओवा-पाणी मागे घेतो. पण पंगतीत काय करणार? वाढपी ऐकत नसतात.

धुळ्याची_स्लीव्हवाली
मी ताटात आधीच सगळं थोडं थोडं वाढून घेते. रिकामं ताट दिसलं की वाढपी येतो, भरलेलं दिसलं की पुढे सरकतो. आणि शेजारी लहान पोर बसवते, जिलबी त्याच्याकडे.

अमळनेरची_वहिनी
सगळ्यांचे आभार. काल रात्री सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मांगला टाइमले पानी मीच दिन्हतं तिले." आज सकाळी उठून फुणक्यांसाठी डाळ भिजत घातलीय, म्हणे आधी मी करून बघते, घास भुसभुशीत होतो का. ताईंना यायला अजून तीन आठवडे आहेत!

जळगावचे भाऊ, डाळ भरड वाटायची की बारीक?

जळगावचा_बँडवाला
भरड. आणि वाफवून झाल्यावर पूर्ण गार होऊ द्या, गरम गरम कुस्करलं तर चिकट होतं. कढी जरा जास्तच करा.