आइस हॉकीत नशिबाचा वाटा किती?

निळीरेषा:
2022-23 मध्ये बोस्टन ब्रुइन्सने 82 पैकी 65 सामने जिंकले, 135 गुण मिळवले. दोन्ही एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य आइस हॉकी लीगचे विक्रम. मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत, सात सामन्यांच्या मालिकेत, 92 गुणांच्या फ्लोरिडाने 1-3 अशा पिछाडीवरून त्यांना बाहेर काढलं. बर्फावर नशीब इतकं चालतं? आणि एखादा संघ नशिबावर तरतोय हे ओळखायचं कसं?

गणिती:
मूळ कारण गोल कमी होतात हे. एक संघ सरासरी 3 गोल करतो, दुसरा 2.5, असं धरा आणि पॉइसाँ वितरण लावा, म्हणजे सरासरीवरून किती गोल होण्याची किती शक्यता ते सांगणारं सूत्र. 60 मिनिटांत सरस संघ जिंकण्याची शक्यता येते साधारण 50 टक्के, बरोबरी 17, हार 33. बरोबरीचे निम्मे त्याला दिले तर 58. सात सामन्यांच्या मालिकेत त्याचे होतात 67. म्हणजे तीनातली एक मालिका सरस संघ हरणारच!

बास्केटबॉलमध्ये तोच 20 टक्के फरक म्हणजे 120 विरुद्ध 100. तिथे प्रत्येक संघाला शंभरेक वेळा आक्रमणाची संधी मिळते, त्यामुळे योगायोग एकमेकांना खाऊन टाकतात.

क्रीजवाला:
ओळखायला पीडीओ बघा. पाच विरुद्ध पाच खेळ चालू असतानाचे आपल्या शॉट्सपैकी गोलांचे टक्के अधिक आपल्या गोलीचे, म्हणजे गोलरक्षकाचे, सेव्हचे टक्के. लीगची सरासरी 100 असते. वीस सामन्यांनंतर कुणी 103 वर असेल तर बहुधा तो खाली येणार. सोबत कॉर्सी तपासा, म्हणजे अडवलेले आणि बाहेर गेलेले धरून शॉटचे सगळे प्रयत्न. दोन्ही संघांच्या एकूण प्रयत्नांत आपला वाटा, म्हणजे कॉर्सी, 50 टक्क्यांखाली आणि पीडीओ चढलेला असेल तर त्या गुणतक्त्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

निळीरेषा:
पण गोली खरोखरच चांगला असेल तर?

क्रीजवाला:
तर पीडीओ थोडा वर राहतो, फक्त ते कळायला वेळ लागतो. 91 टक्के सेव्ह करणाऱ्या गोलीवर 300 शॉट्स आले तर 27 गोल अपेक्षित, आणि निव्वळ योगायोगाने पाच इकडे-तिकडे. 22 बसले तर 92.7 टक्के, 32 बसले तर 89.3. तोच माणूस एकदा हिरो, एकदा बाकावर. 300 शॉट्स म्हणजे जेमतेम दहा सामने, तेवढ्यावरून गोली बदलणं चूकच. निदान दोन हंगामांचे आकडे हवेत.

पेनल्टीकॉर्नर:
आपल्या मैदानी हॉकीतही गोल कमीच, पण काही योगायोग नियमच छाटतात. आक्रमकाच्या पायाला लागून चेंडू आत गेला तर गोल नाही. बर्फावर स्केटला लागून पक (चेंडूऐवजी वापरतात ती चकती) आत गेला तरी गोल धरतात, फक्त मुद्दाम लाथ मारलेली नसावी. शिवाय पेनल्टी कॉर्नर ही घोटून बसवलेली चाल आहे. पहिला फटका सरळ हिट असेल तर त्याने गोलरेषा 460 मिलिमीटर उंचीच्या आत ओलांडायला हवी. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू काठीने ओढत नेऊन भिरकावण्याला, ते बंधन नाही. म्हणून चांगला फ्लिकर असलेल्या संघाला नशिबावर कमी विसंबावं लागतं.