मदत हवी आहे: उंदरांचं वजन उतरलं तरी गाईड म्हणतात डेटा टाकाऊ (अर्जंट!!)

फार्माग्रस्त: एम.फार्मचा प्रोजेक्ट, कोकमाच्या सालीचा अर्क. विस्टार जातीचे (लॅबमधले) उंदीर ८ आठवडे डालडा-खोबरेल चारून जाडे केले मग ४ आठवडे अर्क पाजला, कंट्रोलपेक्षा (अर्क न दिलेल्या उंदरांपेक्षा) ३० ग्रॅमने कमी भरले आणि गाईड म्हणतात "उपाशी ठेवलेस का". कुठली स्टॅट टेस्ट लावू? २० तारखेला सबमिशन आहे.

जुना_उंदीर: स्टॅट नंतर. डोस? कंट्रोलला सुईने (घशातून पाजायच्या बोथट नळीने) काय पाजलंस?

फार्माग्रस्त: डोस नेहमीचाच, किलोमागे ४०० मिलिग्रॅम. कंट्रोलला कशाला सुई, त्यांना औषधच नाही ना

जुना_उंदीर: अरे देवा. रोज घशात सुई गेली की त्या धास्तीनेच उंदीर कमी खातो. कंट्रोललाही तेवढंच नुसतं सीएमसी (अर्क ज्यात कालवतात ते बुळबुळीत द्रावण) पाजायचं असतं. खाल्लेलं मोजलंस का?

सुमीमावशी: मी रोज आगळ घेते पाण्यातून, ४ किलो उतरले. मुक्या जिवांना कशाला छळता

कुडाळकर: मावशी, तेव्हा भात सोडला होतात ना? आमच्याकडे अख्खं गाव सोलकढी पितं, ढेऱ्या बघायला या एकदा 😄

नियमवाले_काका: प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीचं, सीपीसीएसईएचं, नाव आता सीसीएसईए झालंय, थिसिसमध्ये जुनं लिहू नका.

जुना_उंदीर: शिवाय मॉडेलच चुकलंय. कोकमातलं एचसीए (हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड) साखरेपासून चरबी बनायची वाट अडवतं, तू चरबीच चारलीस तर ते अडवणार काय? १९९८ मध्ये अमेरिकेत गार्सिनिया कंबोजियाची चाचणी झाली, १३५ माणसं, १२ आठवडे. प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा) काडीचा फरक नाही.

वैद्यबुवा: ते मलबारी भावंड, आपलं कोकम नव्हे. आणि सालीत गार्सिनॉलही असतं, एका रेणूवरून अख्खं फळ निकालात काढायची तुम्हा लोकांना खोडच आहे.

जुना_उंदीर: एचसीए दोन्हीत तेच आहे बुवा.

फार्माग्रस्त: भांडू नका प्लीज. खाणं मोजलंय, पिंजऱ्यामागे रोज ८० ग्रॅम टाकायचो.

आकडेशास्त्री: टाकलेलं की खाल्लेलं? उरलेलं कुठे लिहिलंयस? आणि पिंजऱ्यात किती उंदीर?

फार्माग्रस्त: तीन. उरलेलं झाडून टाकायचो, भुकटी तुसात मिसळून मुताने लगदा व्हायचा, तो कसा मोजणार?

जुना_उंदीर: मग गाईडना उत्तर द्यायला तुझ्याकडे काहीच नाही. उंदीर आहेत का अजून?

फार्माग्रस्त: नाही, लिव्हर फॉर्मलिनमध्ये आहेत

जुना_उंदीर: फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी लिव्हरचं वजन तरी घेतलंस ना?