म्योडलारॉयट : ओढ्याने दुभंगलेले गाव

जर्मनीच्या फाळणीच्या खुणा पाहायच्या तर बर्लिन पुरेसे आहे, असे अनेकांना वाटते. त्यात म्योडलारॉयट या जेमतेम पन्नास वस्तीच्या खेड्याची भर घालावीशी वाटते. बव्हेरिया आणि थुरिंजिया या जर्मन राज्यांच्या सीमेवरील या गावातून टानबाख नावाचा, सहज ओलांडता येईल एवढा ओढा वाहतो आणि १८१० पासून तीच दोन राज्यांची हद्द मानली गेली. तरीही शाळा एका बाजूला आणि चर्च दुसऱ्या बाजूच्या गावात, अशी ये-जा पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालू होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हाच ओढा सोव्हिएत (पुढे पूर्व जर्मनी) आणि अमेरिकी (पुढे पश्चिम जर्मनी) विभागांची सीमा ठरला, १९५२ मध्ये लाकडी कुंपण उभे राहिले आणि १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. पूर्वेकडच्यांना पलीकडच्या आप्तांना हात करण्याचीही मनाई होती (नियम करणाऱ्यांच्या कल्पकतेला दाद द्यावी तेवढी थोडी!). अमेरिकी सैनिक गावाला 'छोटे बर्लिन' म्हणत.

जून १९९० मध्ये बुलडोझरने भिंत पाडली, पण तिचा एक भाग राखून तिथे खुले संग्रहालय केले आहे. टेहळणी मनोरा, जाळीचे कुंपण आणि ओढ्याकाठचे जुने सीमादगड हे सारे चालत पाहता येते. माझ्या मते बर्लिनपेक्षा इथे फाळणी अधिक स्पष्ट कळते, कारण मूळ आकारमान नजरेच्या टप्प्यात राहते. गाव आजही दोन राज्यांत विभागलेले असून दोन्ही भागांचे पिनकोड आणि गाड्यांच्या नंबरप्लेट वेगळ्याच आहेत.