फवारणी पंपाला ग्रासकटरचा ब्लॉक-पिस्टन बसंल का? अर्जंट

सेलूकर_शेती: फवारणीचा पेट्रोल पंप बंद पडलाय. सोयाबीनवर अळी आहे अन् उघाड दोनच दिवस म्हणायलेत. घरी जुना ग्रासकटर पडून आहे, त्याचा ब्लॉक-पिस्टन काढून ह्याला बसवावा म्हणतो. बसंल का? लवकर सांगा.

परभणी_मिस्त्री: दोन्हीचे इंजिन नंबर टाका. बंद पडला म्हणजे दोरी गच्च झाली, का फिरतंय पण पेटंना?

सेलूकर_शेती: दोन्ही चायनाच आहेत. नंबर काय करायचाय, बसंल का तेवढं सांगा.

वसमत_हळद: बॅटरी पंप घ्या भाऊ. पेट्रोल नको, ऑइल नको.

सेलूकर_शेती: ११ एकराला?

परभणी_मिस्त्री: नंबरातच सगळं आहे. १ई३४एफ म्हणजे एक सिलिंडर, टू स्ट्रोक, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३४ मिमी. १ई४०एफ म्हणजे ४०. मधला 'ई' नसून १३९एफ असंल तर ते फोर स्ट्रोक, तिथंच विषय संपला.

उदगीर_लूनावाला: लिटरला ऑइल किती टाकता ते विचारा आधी. २० मिली टाकतात अन् मग पिस्टन धरला, जाम झाला म्हणून रडतात. मी लूनाला ४० च्या खाली कधी गेलो नाही.

लातूर_गॅरेज: काका, ज्या इंजिनला ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलीच सांगितलंय त्यात ४० ओतलं की प्लग काळा अन् सायलेन्सर जाम.

उदगीर_लूनावाला: धूर होतो, होऊ द्या. इंजिन मरत नाही.

सेलूकर_शेती: पंप १ई३४एफ, कटर १ई४०एफ-५. अन् चालू होतोय हो, चोक लावला की. चोक काढला की बंद.

परभणी_मिस्त्री: हे आधी सांगायचं की राव! मग ब्लॉकला हात कामून लावायलात? ३४ च्या जागी ४० चा बसतच नाही. चोकनं हवा अडवल्यावरच चालतोय म्हणजे जेटमध्ये (कार्बोरेटरातलं पेट्रोलचं बारीक भोक) कचरा, नाहीतर कुठूनतरी हवा घ्यायलाय. कार्बोरेटर धुवा. तरी तसंच असंल तर मॅग्नेटचं चाक काढून मागं बघा, तेलकट असंल तर क्रँकचं सील गेलं. टू स्ट्रोकात पेट्रोल क्रँककेसमधूनच वर जातं, तिथं हवा शिरली की पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. तसंच चालवलं तर पिस्टन खरंच धरंल. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टनही बघून घ्या, उभे ओरखडे आहेत का.

सेलूकर_शेती: कार्बोरेटर धुतला, तेच. पिस्टन गुळगुळीत. मॅग्नेटमागं काळा चिकटा, त्यात माती. कटरचं सील काढून बसवू का?

लातूर_गॅरेज: सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा, जाडी. ते घेऊन नवंच आणा. जुनं उचकटताना त्याचा रबरी ओठ फाटतो. दोरी, पेट्रोलची नळी, टाकीतलं फिल्टर मात्र मापात असंल तर खुशाल काढा कटरचं.

वसमत_हळद: बॅटरी पंपाला चोकच नसतो.

जिंतूरकर: कटर मोडायलाच काढलाय तर त्याची कॉइल मला द्या. उद्या सेलूला बाजाराला यायलोच आहे.