पैसे होते, पण पतसंस्थेत होते

(सोसायटी रहिवासी ग्रुप, नाशिक. रविवार, 16 नोव्हेंबर 2025)

बी-402, सकाळी 9.10
सर्वांना नमस्कार. हा ग्रुप पाणी, पार्किंग आणि लिफ्टच्या तक्रारींसाठी आहे याची जाणीव असूनही एक घरचा विषय येथे मांडते आहे, कारण आपल्यापैकी काहींना बँकेच्या कामाचा आणि काहींना परदेशी शिक्षणाचा अनुभव आहे. आमच्या मुलीला ब्रिटनमध्ये, लंडनबाहेरच्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएस्सीसाठी जानेवारीचा प्रवेश मिळाला आहे. ऑक्टोबरमध्ये व्हिसाचा अर्ज केला आणि 5 नोव्हेंबरला तो आर्थिक कारणावरून नामंजूर झाल्याचे पत्र आले. आम्ही एकूण 29 लाख रुपये दाखवले होते. त्यांपैकी 20 लाख यजमानांच्या राष्ट्रीयीकृत बँकेतील बचत खात्यात होते आणि 9 लाख त्यांच्याच नावाने पतसंस्थेत मुदत ठेवीत होते. पत्रात लिहिले आहे की पतसंस्थेतील रक्कम विचारात घेता येत नाही आणि ती वगळल्यास उरलेली रक्कम अपुरी पडते. आयुष्यभर एक रुपया कोणाचा बुडवला नाही आणि आज आपल्याला खोटे ठरवले, असे यजमानांच्या मनाने घेतले आहे. म्हणून चार दिवस आम्ही कोणाला काही बोललो नाही. पुन्हा अर्ज करावा की सप्टेंबरपर्यंत थांबावे, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

ए-101, सकाळी 9.34
वहिनी, प्रथम साहेबांना माझ्याकडून सांगा की या पत्रात त्यांना कोणीही खोटे ठरवलेले नाही. मी 34 वर्षे बँकेत काढली आहेत, त्यामुळे नकाराच्या पत्रांची भाषा मला थोडीफार कळते. तुमची ऐपत आहे की नाही, हा प्रश्न तेथील अधिकारी विचारतच नाही. ठरावीक रक्कम, ठरावीक प्रकारच्या खात्यात, ठरावीक दिवस होती का, एवढेच तो पाहतो. ब्रिटनच्या नियमांनुसार पैसे ज्या संस्थेत आहेत तिच्यावर त्या देशातील योग्य नियामकाचे नियंत्रण असावे लागते, तिच्या नोंदी संगणकावर असाव्या लागतात आणि त्या नोंदींची पडताळणी त्यांना करता आली पाहिजे. आपल्याकडील पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या असतात. त्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बँका नव्हेत. आपल्या दृष्टीने ती कोपऱ्यावरची "आपली बँक" असते आणि अर्धा टक्का व्याज जास्त मिळते म्हणून अर्ध्या नाशिकच्या ठेवी तेथे आहेत, माझ्या स्वतःच्या धरून. परंतु त्या पावतीच्या आधारे व्हिसा मिळत नाही, आणि हे अर्ज भरणाऱ्या सल्लागाराने पावती हातात घेताच सांगायला हवे होते.

बी-204, सकाळी 9.41
माझ्या ओळखीचे एक गृहस्थ महिनाभरासाठी खात्यात हवी तेवढी रक्कम ठेवून देतात आणि त्याचे कमिशन घेतात. शिवाय नवा अर्ज करताना जुन्या नकाराचा उल्लेख करूच नये, म्हणजे नव्याने सुरुवात होते. हवा असल्यास नंबर पाठवतो.

डी-302, सकाळी 9.58
दादा, कृपया तो नंबर या ग्रुपवर पाठवू नका. मी वकिली करते म्हणून जरा कडक शब्दांत लिहिते. पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, हा प्रश्न अर्जात स्पष्टपणे विचारलेला असतो, आणि 5 नोव्हेंबरचा निर्णय तर त्यांच्याच दप्तरात आहे. त्याचे उत्तर "नाही" असे दिले तर आज जो साधा कागदोपत्री नकार आहे तो उद्या फसवणुकीचा ठपका होईल, आणि फसवणूक सिद्ध झाल्यास 10 वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. भाड्याने आणलेल्या पैशांचेही तसेच आहे. स्टेटमेंटमध्ये एकाच दिवशी मोठी रक्कम उगवलेली दिसली की ती कुठून आली हे विचारले जाऊ शकते, आणि त्या वेळी उत्तर त्या गृहस्थांना नव्हे तर त्या मुलीला द्यावे लागते. पैसे घरात असताना उसनी अब्रू आणायचे कारणच काय?

बी-204, सकाळी 10.02
मी चांगल्या हेतूनेच सुचवले होते. संदेश काढून टाकतो.

सी-603, सकाळी 10.20
काकू, मी 2022 मध्ये ब्रिटनला शिकायला गेलो होतो आणि माझाही पहिला अर्ज पैशांवरूनच नाकारला गेला होता, फक्त कारण वेगळे होते. माझे पैसे खात्यात 28 दिवसांऐवजी 26 दिवस झाले होते. दोन दिवसांसाठी सगळे पुन्हा करावे लागले, त्यामुळे हे दिवस मी आजही बोटांवर मोजतो. नियम असा आहे की लागणारी रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी, त्यांपैकी एकाही दिवशी शिल्लक त्याखाली जाता कामा नये, आणि त्या 28 दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेपासून मागे 31 दिवसांच्या आत असावा. रक्कम आली तो पहिला दिवस धरतात. पतसंस्थेची ठेव मोडून 18 तारखेला पैसे बँकेत आले, तर 15 डिसेंबरला 28 दिवस भरतील. साधा निर्णय यायला साधारण तीन आठवडे लागतात आणि मध्ये नाताळ आहे. ज्यादा 500 पौंड भरून पाच कामकाजी दिवसांची प्राधान्य सेवा घेता येते, पण तेव्हा नेमकी किती गर्दी असेल ते सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट सल्लागाराने सांगितली नसल्यास लक्षात घ्या. राहण्याच्या खर्चाची रक्कम 11 नोव्हेंबरपासून वाढली आहे. लंडनबाहेर दरमहा 1,136 पौंड होते ते आता 1,171 झाले आहेत, आणि लंडनमध्ये 1,483 चे 1,529. नऊ महिन्यांचा हिशेब धरला जातो, म्हणजे 10,224 ऐवजी 10,539 पौंड. ऑक्टोबरच्या अर्जातील आकडा तसाच उचलून नव्या अर्जात लिहिला तर 315 पौंड कमी पडून दुसरा नकार हातात येईल.

बी-402, सकाळी 10.37
हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. शुल्क एकूण 18,000 पौंड आहे आणि त्यातील 5,000 आम्ही जूनमध्ये भरले आहेत. निर्णयाविरुद्ध दाद मागता येते असे पत्रात लिहिले आहे, तर ते आधी करावे का?

डी-302, सकाळी 10.50
ती ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यूची, म्हणजे त्याच निर्णयाची फेरतपासणी मागण्याची सोय आहे. देशाबाहेरच्या अर्जदाराला 28 दिवसांची मुदत असते आणि 80 पौंड भरावे लागतात. अधिकाऱ्याने समोरचा कागद चुकीचा वाचला असेल तर तिचा उपयोग होतो. तुमच्या प्रकरणात त्याने कागद बरोबर वाचला आहे, चूक कागदातच होती. अपमान झाल्यासारखे वाटते म्हणून दाद मागायची इच्छा होणे मी समजू शकते, पण तेथे महिना घालवून हाती काही लागणार नाही.

ए-101, सकाळी 11.15
आता थोडे आकडे मांडतो. राहिलेले शुल्क 13,000 आणि राहण्याचे 10,539, मिळून 23,539 पौंड. पौंड 117 रुपये धरला तर 27,54,063 रुपये होतात, आणि 120 झाला तर 28,24,680. अर्जाच्या दिवशीचा ओआंडा या संकेतस्थळावरचा दर धरला जातो, त्यामुळे रुपया घसरला तर तुमच्या खात्यात काहीही न बदलता सत्तर हजारांचा फरक पडतो. म्हणून काठावरची रक्कम कधीही दाखवू नये.

मात्र सर्व पैसे बँकेत आणून 28 दिवस थांबण्याऐवजी दुसरा एक मार्ग आहे. विद्यापीठाला आधीच भरलेले शुल्क आवश्यक रकमेतून वजा होते आणि भरलेल्या शुल्काला 28 दिवसांचा नियम लागत नाही. पतसंस्थेची ठेव मोडून, 20 लाखांच्या खात्याला हात न लावता, दुसऱ्या बँक खात्यातून 7,500 पौंड शुल्क आत्ताच भरले, तर दाखवायचे उरतात 16,039 पौंड. 117 च्या दराने ते 18,76,563 रुपये आणि 120 च्या दराने 19,24,680. म्हणजे 20 लाख दोन्ही हिशेबांत पुरतात, आणि ते पैसे तुमच्या खात्यात कित्येक महिन्यांपासून आहेत.

यात दोन खर्च धरा. साहेबांनी आधीचे 5,000 पौंड याच आर्थिक वर्षात पाठवले असल्याने दोन्ही मिळून 10 लाखांची मर्यादा ओलांडली जाईल आणि वरच्या रकमेवर बँक 5 टक्के टीसीएस (परदेशी रक्कम पाठवताना बँकेने आगाऊ घेतलेला आयकर) कापेल. ते साधारण 23,000 रुपये होतात, पण विवरणपत्रात वळते करून घेता येतात. दुसरा खर्च म्हणजे ठेव मुदतीआधी मोडल्याबद्दल कापले जाणारे व्याज. ते मात्र गेले ते गेले.

सी-603, सकाळी 11.31
काकांचा मार्ग उत्तम आहे, पण पैसे पाठवण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून एक गोष्ट लेखी घ्यावी: व्हिसा पुन्हा नाकारला गेला तर भरलेले शुल्क परत मिळते का, आणि किती कापून. तसेच जुने कॅस (विद्यापीठ व्हिसासाठी देते ते प्रवेशाचे प्रमाणपत्र) पहिल्या अर्जातच वापरले गेले, त्यामुळे नवे मागावे लागेल आणि त्यावर भरलेले एकूण 12,500 पौंड छापून आले पाहिजेत. विद्यापीठ नकाराचे पत्र आणि नवे स्टेटमेंट दोन्ही मागेल. त्याचा राग मानू नका. त्यांना आपल्या विद्यार्थ्यांच्या व्हिसा-नकारांचे प्रमाण 10 टक्क्यांच्या आत ठेवावे लागते, आणि ती मर्यादा 5 टक्क्यांवर आणण्याचे ब्रिटिश सरकारच्या मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत जाहीर झाले आहे. त्यामुळे कच्च्या अर्जाला ते कॅस देतच नाहीत. एका अर्थी ही फुकटची तपासणीच होते.

ए-502, सकाळी 11.40
शैक्षणिक कर्ज का घेत नाही? आमच्या भाचीला बँकेच्या पत्रावरच व्हिसा मिळाला.

ए-101, सकाळी 11.52
बरोबर आहे, कर्जाच्या पत्रालाही 28 दिवसांची अट नाही. पण ते पत्र सहा महिन्यांच्या आतले असावे लागते आणि व्हिसा मंजूर होण्यापलीकडे पैसे सोडण्यासाठी दुसरी अट त्यात असता कामा नये. आपल्या बँकांच्या मंजुरीपत्रांत "तारण नोंदणी पूर्ण झाल्यानंतर" अशी ओळ हमखास असते. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, त्यावर मात्र घराचे कागद, शोध अहवाल आणि मूल्यांकन यांत महिना सहज जातो. पैसे घरात असताना मी या वेळी त्या फंदात पडणार नाही.

बी-402, दुपारी 1.25
जेवणानंतर यजमानांनी स्वतः स्टेटमेंट काढले आणि एक गोष्ट समोर आली. 3 नोव्हेंबरला त्यांनी दिरांना पुतण्याच्या लग्नासाठी दीड लाख रुपये हातउसने दिले होते. ते 7 तारखेला परत जमा झाले, पण मधले चार दिवस शिल्लक 18,60,000 होती. तेव्हा अर्ज आधीच गेलेला असल्याने कोणी लक्ष दिले नाही. याने काही बिघडते का?

सी-603, दुपारी 1.33
आत्ता लगेच अर्ज केला असता तर नक्कीच बिघडले असते, काकू. काकांच्या हिशेबाने 18,76,563 लागतात आणि त्या दिवसांत 16,563 रुपये कमी होते. पत्रात जे कारण लिहिले होते ते दुरुस्त झाले असते आणि ज्याचा पत्रात उल्लेखच नाही त्यावर अर्ज अडला असता. आता मोजणी 7 नोव्हेंबरपासून करा: 4 डिसेंबरला 28 दिवस भरतात. 5 तारखेचे स्टेटमेंट घ्या आणि त्यानंतरच अर्ज भरा. तोपर्यंत त्या खात्यातून विम्याचा हप्तासुद्धा जाता कामा नये. व्हिसाचे 524 पौंड आणि हेल्थ सरचार्जचे (तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठी अर्जासोबत भरायची रक्कम) 1,164 पौंडही दुसऱ्या खात्यातून भरा. जुन्या अर्जाचा सरचार्ज आपोआप परत येतो, पण तो वेळेत येईल असे धरून चालू नका. व्हिसाचे शुल्क मात्र परत मिळत नाही.

डी-302, दुपारी 1.50
खाते वडिलांचे आहे, म्हणून मुलीचा जन्मदाखला आणि वडिलांचे संमतीपत्र लागेल. ती दोन्ही पहिल्या अर्जात होतीच, तरी दाखल्यावरचे वडिलांचे नाव आणि बँकेतील नाव अक्षरशः जुळते ना, हे पुन्हा पाहा. आपल्याकडे एका ठिकाणी आडनाव आधी आणि दुसऱ्या ठिकाणी शेवटी असते. क्षयरोग चाचणीचा दाखला सहा महिने चालतो, तो नव्याने काढायची गरज नसावी; तारीख तेवढी तपासा. सोबत एक पानाचे पत्र जोडावे: मागील अर्ज कोणत्या तारखेला व का नाकारला गेला, पतसंस्थेची ठेव मोडून त्या पैशांतून शुल्क कसे भरले, 3 ते 7 नोव्हेंबरचा व्यवहार काय होता. त्यात घराचे मूल्यांकन, शेताचा सातबारा, सीएचे प्रमाणपत्र असे काहीही घालू नका. त्यातले काहीच मोजले जात नाही आणि मुद्द्याचा कागद मात्र त्यात बुडतो.

बी-402, दुपारी 2.15
मुलीने विद्यापीठाला परताव्याबद्दल ईमेल पाठवला आहे. यजमान उद्या पतसंस्थेत जाऊन ठेव मोडणार आहेत. तेथील व्यवस्थापक शेजारच्याच गल्लीत राहतात, त्यांना काय सांगावे या विचारात आहेत.

ए-101, दुपारी 2.21
व्यवस्थापकांना खरे कारण सांगावे, त्यांच्याकडे अशा पावत्या घेऊन आणखी पालक येणार आहेत. साहेबांना म्हणावे, साडेदहाला खाली थांबा, मीही येतो, नंतर तसेच बँकेत जाऊन परदेशी रक्कम पाठवण्याचा फॉर्म भरू. पॅन कार्ड आणि विद्यापीठाचे शुल्कपत्र सोबत असू द्या.