बार पेंड्युलमचा जी ९५३ आला, सर म्हणतात ९८१ करून आण. काय करावं?

एसवाय_फिजिक्स
मी पुण्यात एसवाय बीएस्सीला आहे. परवाच्या स्लॉटला बार पेंड्युलम होता, म्हणजे मीटरभराची भोकं पाडलेली पट्टी, एकेका भोकात नाइफ एज (धारदार आधार) घालून टांगायची, २० ऑसिलेशन्सना (झोक्यांना) किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि ग्राफवरून जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण (सेंमी/सेकंद² मधे), काढायचा. माझा आला ९५३. बॅचमधल्या बाकी सगळ्यांचा ९७९ ते ९८१, कारण सिनियरच्या जर्नलचे (प्रयोगवहीचे) फोटो व्हॉट्सॲपवर फिरतायत आणि ऑब्झर्वेशन टेबल त्यातूनच उतरवलंय. सर म्हणाले दोन-तीन रीडिंग इकडेतिकडे कर, नाहीतर एक्स्टर्नल (बाहेरून येणारे परीक्षक) मार्क कापतील. रात्री खोडरबर घेऊन बसले होते पण हात होईना. घरचे इंजिनीअरिंगच कर म्हणत होते, मी भांडून फिजिक्स घेतलं, आणि आता आकडे बनवायला शिकतेय असं वाटायला लागलंय. माझं मत असं की जे आलं तेच लिहायचं, चुकलं असेल तर का चुकलं ते लिहायचं. तुम्हाला काय वाटतं?

जॅम_वाला
ताई, मनाला लावून घेऊ नकोस, ९८१ करून टाक आणि पुढे जा. मी मागच्या वर्षी जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन एमएस्सीला आलो, त्या परीक्षेत प्रॅक्टिकल नाही, रीडिंग कोणी विचारत नाही, थिअरी आणि प्रॉब्लेम्स यायला लागतात. आमच्या लॅबला न्यूटन्स रिंग्जचे (भिंगाखाली प्रकाशाची वर्तुळं दिसतात, त्यांचे व्यास मोजायचा प्रयोग) दोन सेटअप आणि बॅचला वीस जण, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्क्रू इतका सैल की बॅकलॅशने (दिशा बदलली की स्क्रू थोडा रिकामाच फिरतो, त्याने) रिंगच बदलायची, अशा यंत्रावर प्रामाणिक रीडिंग म्हणजे नेमकं काय? त्या तीन तासांत क्वांटमचे दहा प्रॉब्लेम सुटले असते. मी तीन वर्षं जर्नल उतरवलं, त्याने माझं फिजिक्स कच्चं राहिलं असं मला आजही वाटत नाही.

सोडियम५८९३
जॅमवाले दादा, मला हे पटत नाही. स्क्रू सैल असेल तर तो एकाच दिशेने फिरवत न्यायचा, मग बॅकलॅश येत नाही, हे त्या सैल स्क्रूनेच तुम्हाला शिकवायचं होतं की! मी सध्या पीएचडीला थिन फिल्म्सवर (पदार्थांच्या अतिपातळ थरांवर) काम करते, पहिलं अख्खं वर्ष सॅम्पलचा रेझिस्टन्स रोज वेगळा यायचा. बीएस्सीत जर्नल उतरवणाऱ्यांतलीच मी पण. त्यामुळे आकडा वेगळा आला की शोधायचं कुठून हेच माहीत नव्हतं, गाइडसमोर रडले आहे मी. २०११ साली ऑपेरा प्रयोगात सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेहून इटलीत ७३० किलोमीटरवर पोचणारे न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी येताना दिसले. त्यांनी रीडिंग 'इकडेतिकडे' केली नाहीत, आम्हाला असं दिसतंय, चूक सापडत नाहीये, म्हणून सगळ्यांपुढे ठेवलं, आणि पुढच्या वर्षी मुख्यतः एक फायबर केबल नीट बसली नव्हती हे सापडलं. आकडा आधीच जुळवून टाकला असता तर केबल कोणी तपासली असती का?

तासिका_तत्त्व
मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो, दुसऱ्या गावात, म्हणून सरांची बाजू आधी मांडतो. एका बॅचला आम्ही एकटेच, लॅब असिस्टंटची जागा रिकामी, सेमिस्टर संपत आलेलं, जर्नल सर्टिफाय झालं नाही तर पोरं परीक्षेला बसणार नाहीत. मी पण 'व्हॅल्यू जवळ आण' असं म्हटलेलं आहे आणि ते चूक होतं, आज मान्य करतो.

आता तुझं ९५३. पहिली गोष्ट, पुण्यात जी ९८१ नाहीच, ९७८ च्या आसपास आहे. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्ताकडे फुगलेली आहे त्यामुळे आपल्याकडे जी कमी भरतो, ९८१ पुस्तकातून आलाय. दुसरी गोष्ट, २० ऑसिलेशन्सना साधारण ३१-३२ सेकंद लागले असतील, स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होतातच, जीच्या सूत्रात पिरियडचा (एका झोक्याच्या वेळेचा) वर्ग आहे म्हणून चूक दुप्पट होते, म्हणजे जवळपास ±१३. त्यामुळे या सेटअपवर ९७८ आणि ९८१ यातला फरक कळणारच नाही, आणि पूर्ण बॅचचा जी ९७९ ते ९८१ मधे येणं हे कुठल्याही एक्स्टर्नलला खटकायला हवं. तिसरी, पट्टी किती लांब ओढून सोडलीस? २० अंशांपर्यंत नेली असशील तर पिरियड पाऊण टक्का वाढतो आणि जी १५ ने पडतो. म्हणजे ९६३, त्यावर तुझे ±१३, ९५३ त्यात बसतं. तुझ्या आकड्यात काही बिघडलेलं नाहीये गं, फक्त त्याच्यापुढे एरर लिहायची राहिलीय.

जॅम_वाला
सर, एररचं गणित पटलं, हे आम्हाला कोणी असं सांगितलंच नाही. पण मुद्दा मार्कांचा आहे आणि तो तसाच राहतो. एक्स्टर्नल एका दिवसात दोन बॅच उरकतो, उत्तराखाली रेघ मारलेला आकडा बघतो आणि पुढे सरकतो. मार्क हिचे जाणार, उतरवणाऱ्यांचे नाही. स्कॉलरशिपला टक्केवारी लागते, दोन-तीन मार्कांनी नाव खाली गेलेली पोरं मी बघितलीयत. तत्त्व सांगणाऱ्यांनी हेही सांगावं की ते मार्क तिला भरून कोण देणार.

जुना_बीएस्सी
आम्ही लॉग टेबल घेऊन बसायचो. यंगचा मॉड्यूलस (पदार्थ किती ताठ आहे तो आकडा) मला चार वेळा चुकीचा आला, चारही वेळा सरांनी परत करायला लावला, पाचव्यांदा कळलं की पट्टीची जाडी मी एकाच जागी मोजत होतो. अजून लक्षात आहे. आज पोरांना पाच वेळा करायला वेळ कोण देतं हा प्रश्न मात्र जॅमवाल्यांचा बरोबर आहे.

एसवाय_फिजिक्स
तासिका सर, खरंच भरपूर लांब ओढत होते, कोन मोजलाच नव्हता. शनिवारी लॅबमधल्या काकांना विचारून परत केला. ५ अंशांच्या आत, ५० ऑसिलेशन्स, प्रत्येक भोकाला तीनदा, मैत्रीण मोठ्याने मोजत होती, साडेतीन तास गेले. आला ९७४, एरर ±५. ९५३ चं पान फाडलेलं नाही, त्याच्याच मागे नवीन पान लावलंय आणि मधे कोनाचं गणित. जॅमवाले दादा, मार्क गेले तर वाईट वाटेलच, मला पण स्कॉलरशिप हवीय. सरांना उद्या दाखवणार आहे, सही करतात का बघू. मैत्रीण म्हणते पुढचा न्यूटन्स रिंग्ज आपण दोघी मिळून मोजू, तर स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा म्हणजे डावीकडच्या बाहेरच्या रिंगपासून सुरू करून थेट उजवीकडे जायचं ना?

सोडियम५८९३
हो, आणि मोजायच्या शेवटच्या रिंगच्याही दोन-तीन रिंग बाहेरून सुरू कर. मधला डाग ओलांडताना मोजणी चुकते, तिथे मैत्रिणीला लिहायला बसव.